सोनेगावची रात्रपाळी

सातवीच्या वर्गावर भूगोलाच्या तासाला मी दर वर्षी पांढऱ्या दोऱ्याचं रीळ घेऊन जात असे. टेबलावर पृथ्वीगोल ठेवायचा. दोन मुली पुढे यायच्या, एक दिल्लीवर बोट ठेवायची, दुसरी मद्रासवर, आणि दोघींनी मिळून दोरा ताणून धरायचा. मग आणखी दोघी यायच्या, मुंबई आणि कलकत्ता धरायला. दोन दोऱ्यांची फुली पडायची. “फुली कुठं पडली ते वाचा,” मी म्हणायची. गोलावरची अक्षरं बारीक; मुली वाकून वाकून बघायच्या आणि एकदम ओरडायच्या, “मॅडम, नागपूर!”

एकतीस वर्षं मी हा दोरा ताणला. दर वर्षी मुलींना तोच आनंद व्हायचा आणि मलाही.

सपाट नकाशावर ही फुली थोडी इकडंतिकडं सरकते, म्हणून गोलच हवा. पृथ्वीच्या पाठीवर ताणलेला दोरा म्हणजे दोन गावांमधली सगळ्यांत जवळची वाट, आणि विमान शक्य तितकं त्याच वाटेनं जातं. आकडे सांगायचे तर मुंबई विमानतळापासून नागपूर ६८३ किलोमीटर, दिल्लीहून ८५४, मद्रासहून ९०९ आणि कलकत्त्याहून ९८५. आता गंमत बघा. मुंबई ते कलकत्ता सरळ हवाई अंतर १६६५ किलोमीटर. मध्ये नागपूरला उतरून गेलं तर १६६८. दिल्ली ते मद्रास सरळ १७६१, नागपूरवरून १७६३. देशाचे दोन्ही कर्ण आमच्या गावावरून जातात, आणि मध्ये उतरण्याचा भुर्दंड दोन-तीन किलोमीटरचा. हे कुणी ठरवून केलेलं नाही. ब्रिटिशांनी तीन बंदरं वाढवली, दिल्ली होतीच, आणि त्यांच्या बरोब्बर मध्ये भोसल्यांची राजधानी आधीपासून बसलेली होती.

हा दोरा मला बाबांनी शिकवला. ते टपालखात्यात होते, रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर. आम्ही ‘आर. एम. एस.’ म्हणत असू. गणेशपेठेत दोन खोल्यांत आम्ही राहायचो, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. बाबांची नोकरी बरीचशी रात्रीची. सकाळी आम्ही शाळेला निघायच्या वेळी ते येत. त्यांच्या खालच्या ओठावर जांभळी रेघ असायची. कॉपिंग पेन्सिल थुंकीनं ओली करून लिहायची सवय; एकदा उमटलेलं अक्षर मग पुसता येत नाही, आणि टपालाच्या यादीवर पुसता येणारं अक्षर चालत नाही. आई म्हणायची, “तोंड धुवा आधी, मग पोरांशी बोला.” ती रेघ धुतली तरी पुरती जात नसे.

बाबा स्टेशनवरून सोनेगावला गेले ते रात्रीच्या हवाई टपालामुळे. १९४९च्या जानेवारीत ही सेवा सुरू झाली आणि १९७३च्या ऑक्टोबरपर्यंत चालली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रोज रात्री एकेक विमान निघायचं. चौघं मध्यरात्रीनंतर नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर जमायचे, एकमेकांचं टपाल आणि उतारू अदलाबदल करायचे आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत जायचे. जवळजवळ पंचवीस वर्षं. आज नागपुरात चाळिशीच्या माणसाला विचारा, त्याला ठाऊक नसतं. झिरो माइल सगळ्यांना ठाऊक असतो. सर्वेक्षण खात्यानं १९०७ साली उभारलेला तो स्तंभ आणि शेजारचे चार घोडे यांच्यासमोर फोटो काढून घेतात आणि ‘हा भारताचा मध्य’ असं सांगतात. माझं मत स्पष्ट आहे. नागपूर मध्यावर आहे हे दगडानं सिद्ध होत नाही. मध्य त्या पंचवीस वर्षांत रोज रात्री वापरला जात होता, आणि तो सोनेगावला होता.

हे १९४९ सालीच का सुचलं? युद्ध संपलं होतं आणि अमेरिकन सैन्याची डकोटा विमानं स्वस्तात विकायला निघाली होती. ती घेऊन देशात विमान कंपन्या भराभर निघाल्या. कंपन्या जास्त, उतारू कमी, आणि बहुतेक तोट्यात. दळणवळण मंत्री होते रफी अहमद किडवई. त्यांना सामान्य माणसाचं टपाल विमानानं न्यायचं होतं, जादा पैसे न घेता. १ एप्रिल १९४९पासून तसा नियमच झाला. देशातल्या देशातलं पत्र विमानानं लवकर पोचणार असेल तर ते विमानानंच जाईल, वेगळं तिकीट लावायला नको. खात्यात याला ‘ऑल अप’ म्हणत. बाबा हा शब्द फार अभिमानानं उच्चारायचे. त्यांच्या लेखी त्या एका नियमानं कारकुनाचं पत्र आणि गव्हर्नराचं पत्र एका थैलीत आलं होतं.

जे. आर. डी. टाटांचा रात्रीच्या योजनेला विरोध होता. रात्री उतरायला लागणारे दिवे, रेडिओची साधनं, हवामानाची खबर देणारी यंत्रणा अजून पुरी नाही, अशा स्थितीत अंधारात विमानं उडवणं धोक्याचं आहे, असं त्यांचं म्हणणं. किडवई मागे हटले नाहीत. ‘इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्स’ या कंपनीनं काम सुरू केलं, पण तिला ते पेललं नाही आणि काही महिन्यांत सेवा थांबली. त्याच वर्षी ‘हिमालयन एव्हिएशन’नं ती पुन्हा उचलली. पुढे १ ऑगस्ट १९५३ला आठ कंपन्या सरकारनं एकत्र केल्या, इंडियन एअरलाइन्स झाली, आणि रात्रीचं टपाल तिच्याकडे आलं. त्याआधी विमान कंपन्यांच्या घोळाची चौकशी १९५० साली ज्यांनी केली ते न्यायमूर्ती राजाध्यक्ष. बाबांना हे नाव चांगलं माहीत होतं ते वेगळ्याच कारणानं. १९४६च्या टपाल संपाच्या वेळी पगाराचा निवाडा त्यांनीच दिला होता. “आपल्या भाकरीचा निकालही त्यांचा आणि विमानाचाही,” असं बाबा म्हणायचे.

टाटांची भीती अनाठायी नव्हती, त्याकडे मी येतेच. आधी हिशेब सांगते, कारण या सगळ्याचं सौंदर्य त्या हिशेबात आहे.

चार शहरं एकमेकांशी थेट जोडायची तर सहा वाटा होतात. दर वाटेवर दोन्ही टोकांनी रोज एकेक विमान सोडायचं म्हटलं तर बारा विमानं. नागपूर मध्ये घेतलं की चारच पुरतात. डकोटाचा वेग ताशी अडीचशे ते पावणेतीनशे किलोमीटर. म्हणजे मुंबईहून नागपूरला अडीच-पावणेतीन तास, दिल्लीहून सव्वातीन, मद्रासहून साडेतीन, कलकत्त्याहून पावणेचार. चारही वेळा एका रात्रीत जाऊन-येऊन होण्याइतक्या आहेत. एखादं शहर नागपूरपासून दीड हजार किलोमीटरवर असतं तर डकोटाच्या काळात ही योजना कागदावरच राहिली असती. आणि सगळी शहरं तीनशे किलोमीटरवर असती तर विमानाची गरजच नव्हती, रेल्वेनं काम भागलं असतं.

“जो सगळ्यात दूर राहते, त्यानं सगळ्यात आधी निघा लागते,” बाबा मला सांगायचे. कलकत्त्याच्या विमानाची निघायची वेळ आधी, मुंबईची नंतर. लग्नघरी सगळे मुहूर्ताला यायचे तर लांबचे पाहुणे आदल्या दिवशी निघतात, तसं. त्यात वारा. हिवाळ्यात वरच्या थरात वारा पश्चिमेकडून वाहतो. मुंबईचं विमान येताना त्याच्या पाठीवर बसतं आणि कलकत्त्याच्या विमानाला तो तोंडावर घ्यावा लागतो. परतताना उलट. पुढे मी वर्गात वारे शिकवले तेव्हा पुस्तकातला बाण बाजूला ठेवून हेच उदाहरण दिलं.

पण दिल्ली-मुंबईच्या पत्राचं काय, असं एका हुशार मुलीनं मला विचारलं होतं. बरोबर विचारलं. कर्णावरच्या पत्राला नागपूर फुकट पडतं, कडेवरच्याला पडत नाही. मुंबई-दिल्ली सरळ अंतर ११४० किलोमीटरच्या आसपास. नागपूरवरून गेलं तर १५३७. मुंबई-मद्रास, दिल्ली-कलकत्ता, कलकत्ता-मद्रास, या प्रत्येक जोडीला पाचशे-साडेपाचशे किलोमीटरच्या आसपासचा वळसा. नकाशा बघणाऱ्याला हा शुद्ध अपव्यय वाटेल. माझ्या बाबांनी मला याचं उत्तर एका वाक्यात दिलं होतं: पोस्टमन किती वाजता निघतो?

तो सकाळी निघतो. पत्र रात्री अकराला पोचलं काय आणि पहाटे पाचला पोचलं काय, पोस्टमनच्या झोळीत ते एकाच वेळी पडतं. चारशे किलोमीटरचा वळसा झोपेच्या वेळात गेला. पत्र लिहिणाऱ्याचं आणि वाचणाऱ्याचं त्यात काहीच गेलं नाही. रेल्वेनं मुंबईचं टपाल कलकत्त्याला पोचायला दोन रात्री मोडत. आता मुंबईला संध्याकाळी पेटीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्याच्या घरात जाऊ लागलं. हवाई प्रवासाचा वेळ म्हटला की आपण विमान सुटल्यापासून टेकेपर्यंतचे तास मोजतो. टपालखातं पेटी उघडल्यापासून दाराची कडी वाजेपर्यंत मोजत होतं. मला ते मोजमाप जास्त खरं वाटतं.

मी सोनेगाव रात्री पाहिलं ते एकदाच, १९५७च्या डिसेंबरात. मी नऊ वर्षांची होते. त्याआधी चार वर्षं विमानतळाची नवी इमारत झाली होती. तिच्यात उपाहारगृह, विश्रांतीच्या खोल्या, पुस्तकांचा स्टॉल आणि विमानं बघायला येणाऱ्यांसाठी सज्जा. बाबा पाळीवर असताना आम्हाला बरोबर नेणं शक्य नव्हतं, मामांनी नेलं. त्यांच्या सायकलच्या दांडीवर घोंगडी बांधून मला बसवलं आणि वर्धा रोडनं आम्ही निघालो. अजनी मागे पडल्यावर दिवे संपले. दोन्ही बाजूंना शेतं, आणि थंडी अशी की मामांच्या श्वासाची वाफ माझ्या कानाला लागत होती. मध्येच मागून लाल मेलमोटर गेली. बाबा त्यात होते. मामांनी घंटी वाजवली, पण मोटर थांबली नाही आणि थांबायलाही नकोच होती.

सज्ज्यात पंधरा-वीस माणसं होती. गंमत म्हणून रात्री जागून विमानं बघायला येणारी कुटुंबं तेव्हा नागपुरात होती. मामांनी आलूबोंडा घेऊन दिला आणि म्हणाले, “डोळे वर नको लावू, कान लाव.” पहिलं विमान ऐकूच आलं. आधी लांबून एखादी गिरणी चालावी तसा आवाज, मग ताऱ्यांमधला एक तारा हलायला लागला. ते मुंबईचं. मग थोड्या वेळानं उत्तरेकडून एक. मद्रासचं आलं तेव्हा माझी झोप उडाली होती. कलकत्त्याला उशीर होता. तिन्ही विमानं पंखे थांबवून एका ओळीत उभी, आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत विजेच्या उजेडात माणसं धावत होती. त्यात मी बाबांना शोधलं. त्यांचा चेहरा दिसत नव्हता. मफलर ओळखला, आईनं विणलेला, विटकरी.

त्यांचं काम असं होतं. विमानाच्या पोटातून थैल्या उतरत. जाड कापडाच्या, तोंडाला सुतळीनं आवळलेल्या, सुतळीच्या गाठीवर लाखेचं सील आणि गळ्यात पत्ता लिहिलेलं लेबल. एक जण लेबल मोठ्यानं वाचायचा, दुसरा यादीवर खूण करायचा, तिसरा थैली हातगाडीवर टाकायचा. मद्रासची गाडी वेगळी, दिल्लीची वेगळी. बहुतेक थैल्या उघडायच्याच नसत. मुंबईनं मद्रासची थैली मद्राससाठीच बांधलेली असे. नागपूरनं ती फक्त एका विमानातून काढून दुसऱ्यात ठेवायची. ऐकायला सोपं वाटतं. पण एक विमान उशिरा आलं की बाकी तिघं ताटकळणार. आणि घाईत एक थैली चुकीच्या गाडीवर गेली की मद्रासची पत्रं दिल्ली बघून येणार, दोन दिवस वाया. सील फुटलेलं निघालं तर त्याचा पंचनामा वेगळा. सज्ज्यातून मला त्यांचा आवाज ऐकू येत होता, “बंगलोर, चार. मदुरा, दोन.” घरी ते फार हळू बोलायचे. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

उतारूही बदलत होते. मुंबईहून मद्रासला निघालेली एक बाई मांडीवर झोपलेलं मूल घेऊन बाकावर बसली होती. कलकत्त्याच्या विमानाची वाट पाहणारे दोन बंगाली गृहस्थ चहावर चहा घेत होते. एकाच खोलीत देशाच्या चारही कोपऱ्यांची माणसं, रात्री दोन वाजता, आणि बाहेर सोनेगावच्या शेतात कोल्हे ओरडत होते. कलकत्त्याचं विमान आलं तेव्हा सगळे एकदम उठले.

पुढचं मला आठवतं ते तुकड्यातुकड्यांत. विमानं एकामागून एक निघाली. मद्रासचं निघालं तेव्हा बाबा गाडी सोडून बाजूला उभे राहिले. बाकीच्यांनी सामान आवरायला घेतलं होतं. ते मात्र मान वर करून आवाज पुरता विरेपर्यंत तसेच उभे होते. मी मामांना विचारलं, बाबा काय बघताहेत. मामा काही बोलले नाहीत.

ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं. १२ डिसेंबर १९५३च्या पहाटे मद्रासला निघालेलं डकोटा सोनेगावहून उडालं आणि लगेच कोसळलं. १३ माणसं गेली, वैमानिक तेवढा वाचला. गेलेल्यांत कामगार पुढारी आणि खासदार हरिहरनाथ शास्त्री होते. बाबा त्या रात्री पाळीवर होते, मद्रासच्या थैल्या त्यांच्या गटानं चढवल्या होत्या. अपघाताविषयी ते घरी बोलत नसत. आई सांगायची की दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळेला आले, ओठावर रेघ नव्हती, आणि भाकरीला हात न लावता झोपले. रात्री पुन्हा पाळीवर गेले. तेव्हापासून मद्रासचं विमान गेल्याशिवाय ते जागचे हलत नसत.

मी टाटा आणि किडवई या दोघांबद्दल पुष्कळ विचार केला आहे. टाटांनी धोका ओळखला होता आणि तो खरा ठरला. पण सेवा थांबली असती तर साध्या माणसाच्या पत्राला विमान मिळायला आणखी किती वर्षं लागली असती? दिवे आणि रेडिओ हळूहळू सुधारले ते रोज रात्री विमानं उतरत होती म्हणूनही. माझा कौल किडवईंच्या बाजूनं आहे. त्या १३ माणसांच्या घरच्यांसमोर मी तो देऊ शकले असते का, हे मात्र वेगळं.

पुढे डकोटाच्या जागी मोठी, चार पंख्यांची विमानं आली. आधी स्कायमास्टर. व्हायकाउंट इंडियन एअरलाइन्सकडे १९५७ साली आलं. वेग वाढला तसा वेळेचा ताण कमी झाला. पण ज्या वेगानं सोनेगाव सोपं केलं त्याच वेगानं ते अनावश्यकही केलं. १९६४ साली कॅराव्हेल जेट आलं, सत्तरनंतर बोइंग ७३७ आलं. मुंबई-दिल्ली थेट दोन तासांत होऊ लागल्यावर नागपूरच्या वळशाला अर्थ उरला नाही. संध्याकाळच्या आणि पहाटेच्या विमानांतूनच टपाल जाऊ लागलं. १५ ऑगस्ट १९७२ला पिन कोड आला, तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच, संस्कृतचे कवी. नागपूरला ४४०००१ मिळालं. बाबांना हे सहा आकडे फार आवडले. “आता पत्ता वाचायला इंग्रजी न येणाराही सॉर्टर होईल,” ते म्हणाले. त्यानंतर सव्वा वर्षानं रात्रीचं टपाल बंद झालं आणि ते पुन्हा स्टेशनवर, गाड्यांच्या टपालावर आले. दिल्ली-मद्रास आणि मुंबई-हावडा हे दोन मोठे लोहमार्गही नागपुरातच एकमेकांना भेटतात, त्यामुळे काम कमी पडलं नाही. पण रात्री दोनच्या सुमाराला त्यांना जाग यायची ती शेवटपर्यंत.

सूर्याची एक गोष्ट सांगायची राहिली. कलकत्ता मुंबईच्या साडेपंधरा अंश पूर्वेला आहे, म्हणून तिथं सूर्य तासभर आधी उगवतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. नागपूरहून एकाच वेळी निघालेल्या विमानांपैकी कलकत्त्याचं उजेडाकडे जायचं आणि मुंबईचं अंधारात परतायचं. कलकत्त्याच्या वैमानिकाला उतरताना हुगळी दिसत असेल, मुंबईच्याला फक्त दिवे. बाबा कधी विमानात बसले नाहीत. हे त्यांनी गणितानं काढलं होतं, आणि मग नातवाच्या मुंजीत भेटलेल्या एका निवृत्त वैमानिकाला विचारून खात्री करून घेतली होती.

आता माझी मुलगी मुंबईहून दीड तासात येते. समृद्धी महामार्गानं आली तर ७०१ किलोमीटर, आठ तास. पूर्वीच्या मेलगाडीला ८३७ किलोमीटरचा लोहमार्ग होता. विमानाचं अंतर तेवढं तेच राहिलं आहे, ६८३. सोनेगावच्या विमानतळाला २००५पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आहे. मुलीला घ्यायला मी जाते तेव्हा आठ-दहा विमानांच्या वेळा फलकावर लागलेल्या असतात, आणि मी उगाच मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई ही चार नावं शोधते. असतात. पण प्रत्येक जण आपापल्या वेळेला येतो आणि जातो, एकमेकांसाठी कुणी थांबत नाही.

माझ्याकडे एक लिफाफा आहे. दादरच्या मोठ्या मावशीनं कलकत्त्याच्या धाकट्या मावशीला लिहिलेला. धाकटी मावशी गेल्यावर तिच्या ट्रंकेत सापडला. पुढच्या बाजूला मुंबईचा शिक्का, तारीख ४ मार्च. मागे कलकत्त्याचा, तारीख ५ मार्च. वर्षाचा आकडा फाटका आहे, पण तिकिटावरून साठच्या दशकाच्या सुरुवातीचा असावा. तो सापडला तेव्हा बाबा ऐंशीच्या पुढे होते. मी लिफाफा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, तारखा वाचल्या आणि अंगठा दोन्ही शिक्क्यांच्या मधल्या कोऱ्या जागेवर ठेवून म्हणाले, “हे इथून गेलं.”

नागपूरचा शिक्का त्यावर नाही. असायचं कारणच नव्हतं. थैली बंद आली, बंद गेली. त्या पंचवीस वर्षांत लाखो पत्रं सोनेगावच्या उजेडात तासभर थांबून पुढे गेली आणि बहुतेकांवर आमच्या गावाचं नाव उमटलंच नाही.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरात कपाटाच्या वरच्या फळीवर, ट्रंकेत, देवघराच्या खणात जुनी पत्रं असतील. १९४९ ते १९७३मधली. रद्दीत घालण्याआधी लिफाफ्याची मागची बाजू बघा. मुंबईचा शिक्का आणि दुसऱ्याच दिवशीचा कलकत्त्याचा किंवा मद्रासचा शिक्का दिसला तर तो लिफाफा ठेवून द्या. तो बहुधा एका रात्री नागपूरला येऊन गेलेला आहे.